चांदीची तारीख

गुरुवार, १९ जून २०२५, नाते. सकाळपासून पाऊस. गोठ्याचा मागचा पत्रा गळतो आहे. हफिजा साडेसहाला आली, गुडघे सुजलेले. मुलाचा, मुकुलचा, पुण्याहून फोन. परवा सकाळी टेम्पो येईल, चांदी जाणार.

चांदी ही आमची शेवटची म्हैस. एकेकाळी चौदा होत्या. माझे यजमान श्रीधर गुरांचे डॉक्टर. त्यांनी नाते गावात ही जमीन घेतली, आणि पहिल्या दिवसापासून म्हशींचं सगळं हफिजाने पाहिलं. त्याला सत्तावीस वर्षं झाली. तिचा नवरा रऊफ कुवेतला ट्रक चालवायचा, दोन वर्षांनी एकदा यायचा. मुलांना शाळेत धाडून ती इथे यायची. दिवाळीनंतर गवत कापून उडवी रचायची, चैत्रात म्हशी नदीवर न्यायची, पावसाळ्यात माश्यांसाठी गोठ्यात निरगुडीचा धूर करायची. मुकुलला पोहायला तिनेच शिकवलं, म्हशीचं शेपूट धरायला लावून.

आता ती पासष्टची, मी अठ्ठ्याहत्तरची. शेणाची पाटी दोघींनाही उचलत नाही. विकायला मीच हो म्हटलं.

गाभण म्हैस टेम्पोत चढवली तर चालेल का, असं मुकुलने विचारलं तेव्हा मी वही काढली. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी रोज चार ओळी लिहायची सवय लावली, ती अजून आहे. गेल्या वर्षी ४ सप्टेंबरला लिहिलं होतं, 'हफिजा चांदीला रेड्याकडे घेऊन गेली.' म्हशीचे दिवस तीनशे दहा. मोजून अकरा जुलै आली. तीन आठवडे हातात आहेत, असं मी त्याला कळवलं.

आज दुपारी गोठ्यात गेले तर हफिजा चांदीच्या कासेपाशी उकिडवी बसलेली.

"बाई, टेम्पो नको. ही आज-उद्यात विणार."

"अकरा जुलै, हफिजा. वहीत आहे."

"मग वही हिलाच दाखवा. ऐकते काय बघू." तिने माझा हात ओढून कासेला लावला. कास तटतटली होती. "घाटात टेम्पोत व्याली तर रेडकू पायाखाली जाईल. ही पण हाताला लागायची नाय."

"पण चार सप्टेंबरला नेलीस ना तू?"

"ती फिरली काय, परत माजावर आली काय, ते बघायला. एकवीस दिवस झाले म्हणून नेली. रेड्याला जवळसुद्धा येऊ दिलं नाय हिने. आधीच गाभण होती."

"मग आधी कधी नेलीस?"

ती थोडा वेळ पेंढा सारखा करत राहिली. "डॉक्टर गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी. पहाटेपासून ओरडत होती. तुमच्याकडे माणसं बसलेली. तुम्हाला काय विचारणार?"

श्रीधर १२ ऑगस्टला गेले. त्या दिवसापासून अकरा पानं माझ्या वहीत कोरी आहेत, आयुष्यात तेवढीच. त्या दिवसांत म्हशी कुणी पिळल्या, दूध डेअरीला कुणी पोचवलं, हे मी नंतरही कधी विचारलं नव्हतं. १४ ऑगस्टपासून बोटांवर महिने मोजले. तीनशे दहावा दिवस उद्याचा.

मुकुलला फोन लावला. "टेम्पो नको पाठवूस."

"आई, तारीख तुझ्याच वहीतली होती ना?"

"चुकली."

"आता त्या माणसाला काय सांगू?"

"सांग, म्हातारीने घोळ घातला."

तो हसला नाही. "दिवाळीनंतर मात्र नक्की विकायची."

"नक्की," मी म्हटलं.

हफिजाने ऐकलं होतं. "दिवाळीपर्यंत म्हणजे अजून चार महिने शेण," ती म्हणाली आणि भिंतीला धरून उठली. गळक्या पत्र्याखालून चांदीला काढून दोघींनी मिळून कोरड्यात बांधलं. एवढ्यानेच धाप लागली. दोघी तिथेच पोत्यावर बसून राहिलो.

शुक्रवार, २० जून. दुपारी पावणेतीनला चांदी व्याली. रेडी झाली. हफिजाने ती पेंढ्याने पुसून काढली, आईच्या कासेला लावली, मग उरलेला चीक तांब्यात पिळला आणि अर्धा स्वतःच्या घरी नेला.

संध्याकाळी मी आधी जुनी वही काढून १४ ऑगस्टच्या पानावर राहिलेली ओळ लिहिली. मग आजचं पान. पाऊस दिवसभर. रेडी उभी राहिली. खरवसाला गूळ पुरला नाही, साखर घातली.