गंगाखेडच्या नळापाशी

अन्वी, ईशान, भुताखेतांबद्दल तुमच्या आजीचं मत तुम्हाला ठाऊक आहे – रात्रीचं जेवण जड झालं की ती दिसतात. मत अजून तेच आहे. तरी हे लिहून ठेवते.

माझे मोठे मामा राणीसावरगावचे. निजामाच्या काळात गंगाखेडहून परभणीला जाणाऱ्या गाडीत कापसाच्या एका व्यापाऱ्याचा खून झाला. प्रेताजवळ मामांची चांदीची डबी सापडली – आपण लिंगायत लोक इष्टलिंग ठेवून गळ्यात घालतो, ती. मामा कोर्टात म्हणाले, दोरा तुटून डबी गंगाखेड स्टेशनच्या नळापाशी पडली. लिंग अंगावर नसताना आपल्यात पाण्याचा घोटही घेत नाहीत. म्हणून गाडी सोडून मी तिथंच शोधत राहिलो. मग डबी गाडीत कशी गेली? असं कोर्टानं विचारलं. जन्मठेप झाली, तुरुंगातच गेले. माझी आई मात्र सासरी शेवटपर्यंत 'खुन्याची बहीण' राहिली.

गेल्या महिन्यात भाची सुनंदा आणि मी त्याच स्टेशनवर परभणीच्या गाडीची वाट बघत होतो... भर दुपारी. नळापाशी धोतर नेसलेला, पस्तिशीचा एक माणूस वाकून काहीतरी हुडकत होता. तोंड सुकलेलं. सुनंदा म्हणाली, "मावशी, ह्याला दशमी देऊ का? तुमी तर अख्ख्या वऱ्हाडाचं बांधून आणलंय."

तिनं पुढे केली. त्यानं हात जोडले.

"नको, माय. गळ्यातलं सापडल्याबिगर खाता येत न्हाई."

इथंच पडलं का, असं मी विचारलं.

"इथंच. कापसाच्या शेटनं उचललं, मला द्यावं म्हणून. तेवढ्यात गाडी सुटली, तसं शेट हातात घेऊनच चढले."

"तुम्ही पाहिलंत?"

"न्हाई, आजी. लय दिवसांनी शेटची भेट झाली, तवा त्यांनीच सांगितलं."

आमची गाडी आली. तो एकेका खिडकीखाली थांबून हात पुढे करत होता – आतून कुणी काही देईल म्हणून. गाडी हलली तरी फलाटावर तसाच उभा.

त्या शेटची भेट 'लय दिवसांनी' कुठे झाली असेल, हे माझ्या डोक्यात पोखर्णी स्टेशन मागे गेल्यावर शिरलं. सुनंदानं तोवर दशमीचा डबा बंद केला होता.

तो माणूस कोण, याचं एक्स्प्लनेशन माझ्याकडे नाही, शोधून दमले. पण डबी गाडीत कशी गेली, ते आता मला माहीत आहे. आईच्या फोटोसमोर बसून हे सगळं मोठ्यानं वाचलं, मगच तुम्हाला पाठवते आहे.