भरतीला फेकलेली पट्टी

पैसे मोबाईलमध्ये ठेवायची दुर्बुद्धी मला शाळेतून निवृत्त झाल्यावर सुचली. क्रिप्टोच्या पाकिटाची किल्ली म्हणजे बारा इंग्रजी शब्द. ते ज्याच्या हाती, पैसे त्याचे. इथल्या दमट हवेत कागद टिकत नाही, म्हणून मी ते स्टीलच्या पट्टीवर कोरून घेतले. पुढे नवं पाकीट उघडलं, आमच्या म्हातारपणाची सगळी पुंजी त्यात हलवली आणि नवे शब्द तशाच दुसऱ्या पट्टीवर कोरले. ओळखू यावी म्हणून नव्या पट्टीला, नवीन मिक्सरला लावतात तसं, हळदकुंकू लावलं.

आता जुनी नष्ट करायची होती. वेल्डिंगवाल्याकडे नेऊन अक्षरं घासून घ्यायची, एवढं साधं काम. पण मी पडलो अतिशहाणा. आगरदांड्याच्या जेट्टीवर गेलो. भरतीचं पाणी तुडुंब होतं. बिनकुंकवाची पट्टी लांब भिरकावली आणि रुबाबात घरी आलो.

दुसऱ्या दिवशी गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो आला. ओहोटीला चिखलात खुबे-शिंपल्या वेचताना शेजारच्या वाडीतल्या मावशींना पट्टी सापडली होती. त्यांनी ती धुऊन-पुसून फोटो काढला होता, बाराही शब्द स्वच्छ. खाली लिहिलं होतं, "जेट्टीपाशी गावली. ज्याची आसंल त्यानं न्यावी."

मला हसू आलं. रिकाम्या पाकिटाची किल्ली, न्या कुणीही! मग पहिला शब्द वाचला. शब्द नव्या पट्टीवरचे होते.

"पट्ट्यांना हात लावलास?" मी बायकोवर ओरडलो.

"लावला की. पितांबरीनं लख्ख घासल्या. कुंकू गेलं, म्हणून परत लावलं. एकीलाच होतं, म्हणून एकीलाच लावलं."

भांडायलाही सवड नव्हती. घाईघाईने तिसरं पाकीट उघडलं. रेंज येत होती, जात होती. ग्रुपवर एकेक जण मावशींच्या प्रामाणिकपणाला हात जोडत होता आणि फोटो पुढे पाठवत होता. चांगल्या माणसांचा इतका राग मला आयुष्यात आला नव्हता. शेवटी पैसे तिसऱ्या पाकिटात हलले. मी खुर्चीत बसून चक्क रडलो.

तेवढ्यात मावशी पट्टी घेऊन दारात हजर.

"मास्तर, तुमचीच ना? गावात इंग्रजी कोरून ठेवणारं दुसरं कोन हाय?"

"ठाऊक होतं, तर ग्रुपवर कशाला टाकलंत?"

"मंग काय करू? सकालपासून फोन करतंय, तुमी उचलतच न्हाय."

खरं होतं. कुणी फसवून पैसे काढून घेईल या भीतीने मी हल्ली कुणाचाच फोन घेत नव्हतो.