आतल्या चाकाची हवा

काल धाब्यावर एक ड्रायव्हर बसच्या मागच्या जोडचाकांपाशी उकिडवा बसून व्हॉल्व्हचं टोपण गच्च फिरवत होता, आणि मला अण्णा आठवले.

माझे वडील, अण्णा, बस चालवायचे. माझ्या लग्नाचं वऱ्हाडही त्यांनीच नेलं. घाटाच्या तोंडाशी त्यांनी बस थांबवली आणि टॉमीच्या लोखंडी दांड्याने चाकं ठोकून पाहिली. आतल्या चाकाचा आवाज बद्द आला. त्या चाकापर्यंत हात पोचत नाही, म्हणून व्हॉल्व्हला बाहेरपर्यंत लांब नळी जोडलेली असते. तिचं टोपण पडलं होतं, धूळ शिरून हवा चालली होती.

"दाजी, बाहेरचं चाक धडधाकट आहे की! मुहूर्त टळेल," मामा म्हणाला.

"टळू दे. घाट उतरायचाय, गाडीत सगळी माणसं आहेत," म्हणत अण्णा नव्या सदऱ्यासकट बसखाली शिरले. नळी साफ करून, हवा भरून, नवं टोपण लावूनच उठले.

मुहूर्त टळलाच. कन्यादानाला बसले तेव्हा त्यांच्या नखांत ग्रीस होतं. सासरच्या बायका बघत होत्या. अण्णांनी माझा हात हातात घेतला, तेव्हा लाजेने मी मान खाली घातली. त्यांना वाटलं, मी रडतेय. "येत जाईन गं भेटायला," ते हळूच म्हणाले.