देझिरे म्हणजे हवीशी

नकुसाला मी पहिल्यांदा नाव विचारलं, तेव्हा ती अशी चाचरली की मला वाटलं, ही बाई काही लपवतेय. हॉलंडात, रॉटरडॅमजवळच्या कापेल गावातल्या आमच्या इमारतीत ती आणि तिचा नवरा प्रसन्न नुकतेच राहायला आले होते. दोघंही रॉटरडॅमला आयटीत. मी तोंडाची फटकळ; नाव ऐकलं आणि म्हणाले, "हे काय नाव झालं? कोणी ठेवलं?"

"आजीनं. मी तिसरी मुलगी ना, काकू. मग पाठीवर सुयश झाला. नाव लागू पडलं म्हणतात."

ती साताऱ्याकडची, माण तालुक्यातली. मुली पुरे झाल्या की शेवटच्या मुलीला नकुसा म्हणायचं, म्हणजे देवाला समजतं आणि तो पुढे मुलगा धाडतो, अशी तिकडची समजूत. देव इतका मठ्ठ असेल असं मला वाटत नाही. पुढे सरकारने साताऱ्यात अशा मुलींची नावं समारंभाने बदलून दिली. तेव्हा ही पुण्यात इंजिनिअरिंगला होती आणि घरच्यांनी तिला कळवलंसुद्धा नाही. इथे ऑफिसातले डच लोक "नकुसा, किती गोड नाव!" म्हणत, आणि ती हसे. मला ते हसू बघवत नसे.

आमच्या समोरच्या दारात देझिरे राहते. साठीची, एकटी. तिने वाढदिवसाला आम्हाला दोघींना बोलावलं. इथला वाढदिवस म्हणजे गोलात मांडलेल्या खुर्च्या, कॉफी, केकचा एकच तुकडा, आणि आल्या आल्या प्रत्येकाचं अभिनंदन, जणू सगळेच त्या दिवशी जन्मले. त्या गोलात बसून नकुसाने तिला नावाचा अर्थ विचारला.

"फ्रेंच नाव आहे," देझिरे म्हणाली. "अर्थ, जिची इच्छा धरली ती. मूळ लॅटिन. पूर्वी ख्रिस्ती लोक नवससायासाने झालेल्या मुलीला हे नाव ठेवत. नेपोलियनचं जिच्याशी आधी लग्न ठरलं होतं, ती देझिरेच. तिला सोडून त्याने दुसरी केली, आणि ही पुढे स्वीडनची राणी झाली! माझ्या लहानपणी इथे या नावाची लाट होती, शाळेत एका वर्गात आम्ही तिघी. आता कोण ठेवतंय? फ्रान्समध्येही म्हातारं झालंय ते."

परतताना जिन्यात नकुसा थांबली. "काकू, मुलगी हवी होती असं सांगणारं नाव असतं. आणि ते एका वर्गात तिघींना होतं."



ते नाव तिने स्वतःच्या मुलीसाठी राखून ठेवलं. दोनदा दिवस राहिले, दोनदा गेले. दुसऱ्या खेपेनंतर प्रसन्नने तो विषयच बंद केला. नकुसा कामाला जायची, सायकलवरून यायची, स्वयंपाक करायची. रडताना मी तिला कधी पाहिलं नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

मग गावी सुयशला तिसरी मुलगी झाली. नाव ठेवण्याचा मान आत्याचा. बारशाला जाता येत नव्हतं, म्हणून व्हिडिओ कॉल लावला. नकुसा माझी पैठणी नेसली होती. तिकडे वहिनीने फोन बाळाच्या कानाशी धरला आणि नकुसाने हलकेच म्हटलं, "देझिरे." आत्याच्या पाठीत धपाटे घालायला इथे मी एकटीच, म्हणून मीच घातले. "काकू, ही सुटली," ती म्हणाली. इतकी आनंदलेली ती मला पुन्हा दिसली नाही.

आठवड्याने सुयशचा फोन आला, तेव्हा मी तिथेच होते.

"ताई, तू ठेवलेलं नाव दाखल्यावर लावलंय बरं का. पण घरात आम्ही नकुसाच म्हणतो. आईचं म्हणणं, तुझ्या नावाचा गुण हाय. तुझ्यामुळं तर मी झालो."

किती मायेने बोलत होता तो! रागावून बोलला असता, तर हिला भांडता तरी आलं असतं. "अरे, नको रे," एवढंच ती पुन्हापुन्हा म्हणत राहिली.

"आता हिच्या पाठीवर मुलगा झाला, तर नाव खरं ठरेल," फोन ठेवल्यावर ती मला म्हणाली. "आणि मुलगी झाली, तर तिचं काय नाव ठेवतील, काकू?"

तरी तिने सोडलं नाही. रोज फोन लावायची आणि पडद्यावरच्या त्या पोरीला देझिरे, देझिरे म्हणायची. एवढ्याशा पोरीला दिवसातून एकदा तरी ते नाव ऐकू यावं म्हणून.

परवा रविवारी मी भाजणी द्यायला गेले, तर फोन चालू होता. पोर आता रांगते. चटईवर पाठमोरी बसून वाटी आपटत होती. नकुसा हाका मारत होती, "देझिरे! ए देझिरे!" पोर ढिम्म.

"वन्सं, तसं न्हाई," वहिनी हसत म्हणाली. "नावानं हाक मारा. लगीच बघती."

नकुसाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणणार होते, नको मारूस. पण तिला त्या पोरीचं तोंड बघायचं होतं.

"नकुसा," ती म्हणाली.

पोर गर्रकन वळली, खुदकन हसली आणि फोनकडे रांगत आली.