सुमनच्या गळ्यातली माळ

काल तुम्ही माझ्या पणतूचा फोटो पाठवलात. जन्मल्याबरोबर हिपॅटायटीस बीची लस दिलेली आणि मांडीवर कापसाचा बोळा. तो पाहून मला घाटंजीच्या घरातली मधली खोली आठवली.

एका वर्षी भाव पडल्याने कापूस घरातच होता, आढ्याला टेकलेला. बोललेलं त्यात विरून जायचं. तिथे माझी धाकटी जाऊ सुमन पाटावर बसली होती. सातवा महिना, डोळे पिवळेजर्द. कावीळ उतरवणाऱ्या म्हातारीने ओल्या काड्यांची माळ तिच्या डोक्यावर ठेवली होती. कोणी हात न लावता ती रोज लांबत गळ्यात उतरली. त्या दुपारी ती पोटावर टेकली.

"पाह्य, कावीळ उतरून राह्यली," म्हातारी म्हणाली.

"ताई, मले तं ते लेकराकडे चालल्यावानी वाटते," सुमन माझ्या कानाशी म्हणाली.

"कायच्या काय बोलतं वं," मी म्हटलं, पण तिच्या पोटावर पदर ओढून घेतला.

पुढे तिचे डोळे निवळले आणि माळ नदीत सोडली. तिची भीती मात्र जाईना, म्हणून मी तिला यवतमाळला नेलं. माळेचं ऐकून डॉक्टरांनी रक्त तपासलं.

"काड्या वाळल्या की माळ सैल होऊन लांबते, एवढंच," ते म्हणाले. "काविळीचा विषाणू रक्तात आहेच. प्रसूतीत तो बाळाला लागू शकतो. बाळंतपण इथेच करा."

बाळाला जन्मताच लस आणि सोबत आणखी एक इंजेक्शन दिलं. ते रडलं, तशी सुमनने मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"ताई, आता काढा ते माळ."

मी तिच्या रिकाम्या गळ्यावरून दोन्ही हात फिरवले आणि म्हटलं, "काढली."