दिघ्याचं माइल्ड स्टील

तोझ येऊन गेलं, म्हणजे इथलं, कुवेतचं धुळीचं वादळ येऊन गेलं, की खिडक्या कितीही घट्ट लावलेल्या असोत, दुसऱ्या दिवशी चौकटीत बारीक धूळ सापडतेच. किस्स्यांचंही तसंच असतं. आपण काही ते जमवायला जात नाही. शुक्रवारी, सुट्टीच्या सकाळी, राई भागातल्या गॅरेजमध्ये चहा प्यायला बसतो आणि उठताना एखादा अंगाला लागलेला असतो. आमच्याकडचे निम्मे किस्से एकट्या दिघ्याचे आहेत.

मिलिंद दिघे मूळचा नाशिकचा. आमच्या प्लँटमध्ये तो करोजन इंजिनीअर, साठेच्या भाषेत गंजमंत्री! कुठल्या पाइपलाइनला कुठला धातू वापरायचा, हे तो ठरवतो. मी पाइपिंगमध्ये, साठे इन्स्पेक्शनमध्ये. कुठलंही ड्रॉइंग पुढे सरकवलं, की दिघ्याचा पहिला प्रश्न ठरलेला, "डिझाईन लाइफ किती?" म्हणजे हे किती वर्षं टिकायला हवंय? त्यावर धातू ठरतो.

साठे म्हणतो, "हा मुलगी बघायला गेला तेव्हाही हेच विचारलं असणार!"

*

असा हा सरळमार्गी माणूस एक दिवस सुलैबियातल्या एका कुवेती म्हाताऱ्याच्या अंगणातून जुनी अमेरिकन मसल कार घेऊन आला. लांबलचक बॉनेट, आठ सिलिंडर, दोन दारं. शाळेत असताना तिचं चित्र त्याने अभ्यासाच्या टेबलासमोर चिकटवलं होतं म्हणे. फिंतासला त्यांच्या बिल्डिंगखाली गाडी उभी राहिली, तेव्हा मंजिरी वहिनी कमरेवर हात ठेवून बघत होत्या.

"मिलिंद, परत जाताना ही इंडियात नेता येते का?"

"नाही."

"मग घेतली कशाला?"

"परत जाईपर्यंत चालवायला."

"आणि परत कधी जायचंय?"

तेवढ्यात त्यांची लेक सई मागच्या सीटवर चढून ओरडली, "बाबा, धिस इज माय सीट!" त्या गडबडीत वहिनींच्या प्रश्नाचं उत्तर राहूनच गेलं.

*

सई नववीत गेली आणि वहिनी तिला घेऊन नाशिकला राहायला गेल्या. त्याच हिवाळ्यात गाडीचे हेडर फुटले. हेडर म्हणजे इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचा जुडगा, चार नळ्या डावीकडे, चार उजवीकडे. नवे कुठले घ्यायचे यावर गॅरेजमध्ये आमची अख्खी मटेरियल सिलेक्शन मीटिंग झाली. साठे म्हणाला लांब नळ्यांचे घे, आवाज भारी येतो. मी म्हटलं आखूड घे, बसवायला सोपे. गॅरेजचा मालक नजीर उस्ताद सियालकोटचा. त्याने आमच्यापुढे चहा ठेवला आणि म्हणाला, "साब, ये गाडी है, रिफायनरी नहीं!"

आकार ठरला, लांबच घ्यायचे. राहिला धातू. स्वस्तातलं साधं माइल्ड स्टील, की महागडं स्टेनलेस? फिंतास पडलं समुद्रकाठी. तिथल्या खाऱ्या, दमट हवेत माइल्ड स्टील फार टिकत नाही, हे दिघ्याइतकं कुणाला माहीत? तरी त्याने नाशिकला फोन लावला, स्पीकरवर.

"साधंच घे," वहिनी म्हणाल्या. "सईची दहावी झाली की यायचंय ना तुला?"

"हो, यायचंय."

साठे उसळला, "अरे मेल्या, कंपनीच्या लाइनला तू साधं स्टील लावू देत नाहीस, आणि स्वतःच्या गाडीला?"

"कंपनी कुठे जाणारे?" दिघे म्हणाला. "मी जाणारे!"

*

ते हेडर बसवले तर उजवीकडची एक नळी स्टिअरिंगच्या दांड्याला घासायला लागली. डावीकडे गाडी वळे, उजवीकडे अर्धीच! गुरुवारची संध्याकाळ होती, नजीर दुकान बंद करून गेलेला. दिघे राईहून फिंतासला निघाला. उजवीकडे वळायचं आलं की तो सरळ पुढे जाई, यू-टर्न घेई, इथे तो डावीकडूनच असतो, आणि मागे येऊन डावीकडे वळे. मी बाजूला बसून देवाचं नाव घेत होतो.

वाटेत वहिनींचा फोन आला. सगळी हकीकत ऐकून त्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मग म्हणाल्या, "असाच डावीकडे डावीकडे वळत राहा. कधीतरी नाशिक लागेल."

दिघेही हसला. पुढचा यू-टर्न मात्र चुकला.

*

सई सुट्टीत आली तेव्हा ताडमाड उंच झाली होती. आल्या आल्या मागच्या सीटवर शिरायला गेली, तर गुडघे मावेनात. शेवटी पुढे येऊन बसली.

"बाबा, हू सिट्स देअर नाउ?"

"जमियाचं सामान," दिघे म्हणाला. जमिया म्हणजे इथलं सोसायटीचं किराणा दुकान. "कांदे तुझ्या जागेवर. तांदूळ आईच्या."

सईने मागे वळून पाहिलं. खरंच कांदे होते!

*

ते हेडर गंजून भोकं पडली आणि गाडी फाहसमध्ये, म्हणजे सरकारी तपासणीत, नापास झाली. तपासणाऱ्याने बॉनेट उघडायच्या आधीच, नुसत्या आवाजावर, हात हलवून "खलास!" म्हटलं. पुन्हा राई, पुन्हा चहा, पुन्हा नाशिकला फोन.

"साधंच घे," वहिनी म्हणाल्या. "बारावी झाली की यायचंय ना?"

"हो, यायचंय."

बारावी झाली. सईला पुण्याला इंजिनीअरिंगला ॲडमिशन मिळाली, ती हॉस्टेलला गेली. दिघ्याला प्रमोशन मिळालं. हेडरचा तो जोडही गंजला. पुन्हा फोन.

"साधंच घे. सई एकदा पुण्यात रुळली की येशील ना?"

"येणार म्हणजे काय, येणारच!"

नाशिकच्या घरात आता वहिनी एकट्याच राहत होत्या.

*

आमच्या खात्यात पुढे हा वाक्प्रचारच झाला. कुणी म्हणालं, "बस, पुढच्या वर्षी कायमचा परत," की साठे लगेच विचारी, "म्हणजे माइल्ड स्टील?" सगळे हसत. हसणाऱ्यांत मीही असे. माझ्या हॉलच्या खिडकीला अजून पडदे नाहीत, चादर आहे. पडदे घ्यायचे तर मापाचे घ्यावे लागतात, आणि मापाचे घेतले की राहिल्यासारखं वाटतं. साठ्याचं कपाट सेकंडहँड, माझं डायनिंग टेबल दुसऱ्या कुणीतरी परत जाताना दिलेलं. त्या टेबलावर एकट्याने जेवताना घरची आठवण फार येते. हे आम्ही एकमेकांना सांगत नाही, पण माहीत सगळ्यांना आहे.

*

परवाच्या शुक्रवारची गोष्ट. हेडर पुन्हा गेले होते. नजीरने या वेळी दोन्ही जोड मागवून ताडपत्रीवर शेजारी शेजारी मांडले होते. एक साधा, काळा रंग मारलेला. दुसरा स्टेनलेसचा, ऊन पडलं की डोळे दिपवणारा. दिघे उकिडवा बसून स्टेनलेसच्या नळ्यांवरून हात फिरवत होता.

"घे ना रे आता," साठे म्हणाला.

"मंजूला विचारतो."

फोन लागला. मागे कुकरची एक शिट्टी झाली, मग गॅस बंद केल्याचा आवाज आला.

"बोल."

"हेडर गेले गं परत. दोन्ही समोर आहेत. साधंच घेतो, नाही का?"

पलीकडे खुर्ची सरकली. मग वहिनींनी विचारलं, "ते स्टेनलेस किती टिकतं?"

"ते?" दिघे हसला. "ते आपल्याला पुरून उरेल. पण सईचं हे वर्ष संपलं की मी..."

"मिलिंद," वहिनी म्हणाल्या. आवाज अगदी नेहमीचा, भाजी काय आणायची ते सांगावं तसा. "या वेळी स्टेनलेस घे."

"अगं, पण..."

"चांगलं घे. जेवून घे वेळेवर." आणि फोन ठेवला.

दिघे तसाच उकिडवा बसून राहिला, फोन हातात. साठे चहाच्या रिकाम्या ग्लासात बघत होता.

नजीरला मराठी येत नाही. पण एवढ्या वर्षांत स्टेनलेस हा शब्द त्याने वहिनींच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला होता. त्याचा चेहरा फुलला. हात पुसत तो आला, दिघ्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "मुबारक हो साब! आखिर भाभीजी मान गईं!"