बीबीच्या ओट्यावरच्या कुरडया

सोसायटीने गच्चीला कुलूप लावलं, तेव्हा यंदाच्या कुरडया घालायच्या कुठे हा प्रश्न पडला. गहू तीन दिवस भिजलेला होता, तो काही थांबणार नव्हता. भाजीवाली जुबेदा म्हणाली, "आमच्या बीबीकडे या की!"

सकाळी चीक शिजवून पातेलं घेऊन गेले. टायरच्या दुकानामागच्या बोळात काळ्या दगडाचा घुमट निघाला. चाळीस वर्षं मी त्या रस्त्याने जाते, पण मला पत्ता नव्हता. आत हिरव्या चादरीखाली थडगं, बाहेर ऐसपैस ओटा आणि त्यावर रणरणतं ऊन. आत जाऊन सवयीने मी कुंकवाची डबी काढली.

"अहो आजी, कुंकू नको," जुबेदा हसली. "फूल ठेवा."

"कोण गं ही?"

"कुणी म्हणतं राणी, कुणी म्हणतं राणीची दाई. माझ्या सासूलापण माहीत नव्हतं. आपण झाडून घ्यायचं."

मला ते पटलं. माझ्या आजीचं नाव मलाही आठवत नाही, तिच्या कुरडया आठवतात. या बाईचंही नाव गेलं, पण दार झाडलेलं आहे आणि ओट्यावर बायका बसतात. मेलेल्या माणसाला आणखी काय लागतं?

दुपारी कुरडया लुगड्यावरून अलगद सुटायला लागल्या. जुबेदाने एक ओलसर कुरडई तोंडात टाकली.

"मीठ कमी आहे, आजी."

"तुझी बीबी काही बोलली नाही."

"ती गरीब आहे. मी नाही."

मीठ खरंच कमी होतं. वाळल्या मात्र झकास.